लॅव्हाझिएचा तराजू

नववीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. रात्री वीज गेली, आईने मेणबत्ती लावली. सकाळी बशीत मेणाचा एक पातळ थर उरला. मग बाकीचे मेण गेले कुठे? वर्गातून लगेच उत्तर येते, की ते जळून गेले. जळून गेले म्हणजे कुठे गेले, असे विचारले की वर्ग शांत होतो. मागच्या बाकावरचा एखादा धीट मुलगा सांगतो, की ते संपले, नाहीसे झाले.

तुमचेही उत्तर हेच असेल तर लाजू नका. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही या प्रश्नाचे बरोबर उत्तर देता आले नसते. ज्याने ते शोधून काढले, त्याचे नाव आंत्वान लॉराँ लॅव्हाझिए. त्याचे मुख्य साधन अगदी साधे होते. ते तुम्ही वाण्याच्या दुकानात रोज पाहता. ते साधन म्हणजे तराजू.

लॅव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी फ्रान्स देशात, पॅरिस शहरात झाला. वडील वकील होते. घरात पैसा होता. आई मात्र तो पाच वर्षांचा असतानाच वारली. पुढे मावशीने त्याला मायेने वाढवले. घराण्याची रीत म्हणून त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. शिकत असतानाच त्याने गणित, वनस्पती, खडक आणि रसायन या विषयांचे चांगले शिक्षक गाठले होते. त्याचे मन तिकडेच रमले. पॅरिसच्या रस्त्यांवर दिवे कसे लावावेत, या विषयावर त्याने एक निबंध लिहिला. त्याला १७६६ साली सुवर्णपदक मिळाले. दोन वर्षांनी, वयाची पंचविशी गाठण्याआधीच, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला.

त्या काळचे रसायनशास्त्र कसे होते? तुम्हाला उर्दूतला कीमिया हा शब्द माहीत आहे. अरबीतला हा शब्द युरोपात गेला आणि त्यापासून इंग्रजीतला केमिस्ट्री हा शब्द तयार झाला. मराठीतही तो आला, पण मराठीत त्याची किमया झाली आणि अर्थ झाला जादू! अठराव्या शतकातले रसायनशास्त्र या दोन अर्थांच्या मध्ये कुठेतरी होते. लोक पदार्थ तापवत, गाळत, उकळत. त्यांचा रंग पाहत, वास घेत. काळजीपूर्वक वजन करणारे मात्र फार थोडे होते.

एक उदाहरण पाहा. पाणी बराच वेळ उकळले की भांड्याच्या तळाशी थोडी मातीसारखी भुकटी उरते. त्यावरून पाण्याची माती होते, अशी पुष्कळांची समजूत होती. लॅव्हाझिएने पावसाचे शुद्ध केलेले पाणी काचेच्या एका खास भांड्यात घेतले आणि भांडे बंद केले. या भांड्यात पाण्याची वाफ वर जाई, थंड होई आणि पुन्हा खाली येई. हे पाणी त्याने तब्बल १०१ दिवस तापवत ठेवले. शेवटी तळाशी भुकटी दिसू लागली. मग त्याने सगळ्याचे वेगवेगळे वजन केले. पाण्याचे वजन कमी झाले नव्हते. कमी झाले होते ते भांड्याचे. भांडे जितके हलके झाले होते, जवळजवळ तितकीच भुकटी निघाली होती. म्हणजे ती भुकटी पाण्यातून नव्हे, तर काचेतून आली होती. शंभर दिवसांची मेहनत, आणि उत्तर दिले तराजूने.

लॅव्हाझिएच्या आयुष्यातली दुसरी एक गोष्टही याच वर्षी, म्हणजे १७६८ साली सुरू झाली. ती आताच सांगितली पाहिजे, कारण पुढे तिनेच त्याचा घात केला. फ्रान्सचा राजा काही कर स्वतः गोळा करत नसे. मीठ, तंबाखू आणि पॅरिसमध्ये येणारा माल यांवरचे कर गोळा करण्याचा इजारा त्याने श्रीमंतांच्या एका मंडळाला दिला होता. इजारदारांनी ठरलेली रक्कम राजाला द्यायची आणि लोकांकडून जास्त वसूल करून नफा ठेवायचा, अशी ती पद्धत होती. लोक या मंडळाचा मनापासून द्वेष करत. लॅव्हाझिएने या मंडळात भाग विकत घेतला. त्यातून त्याला भरपूर पैसा मिळाला, आणि त्याचा मोठा हिस्सा त्याने प्रयोगांवर खर्च केला. पॅरिसच्या निष्णात कारागिरांकडून त्याने जे तराजू बनवून घेतले, तसे त्या काळी क्वचितच कुणाकडे असतील. गरिबाच्या मिठावरच्या करातून आलेला पैसा आणि विज्ञानाचा एवढा मोठा लाभ, या दोन गोष्टी या माणसाच्या चरित्रात अशा जोडलेल्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे मला योग्य वाटत नाही.

१७७१ साली त्याचे लग्न झाले. मुलगी एका इजारदाराचीच होती. तिचे नाव मारी. लग्नाच्या वेळी तिला चौदा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आज हे वाचून आपल्याला खटकते, आणि खटकायलाच हवे. पण ही मुलगी घरात नुसती बसून राहिली नाही. ती रसायनशास्त्र शिकली. नवऱ्याला इंग्रजी नीट येत नव्हते, म्हणून ती इंग्रजी शिकली आणि त्याच्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करू लागली. दाव्हीद या नामांकित चित्रकाराकडे तिने चित्रकलेचे धडे घेतले. लॅव्हाझिएच्या ग्रंथातल्या उपकरणांच्या आकृत्या तिनेच काढल्या आहेत. प्रयोग चालू असताना टिपणे घेण्याचे कामही बहुधा तिच्याकडेच असे.

आता आपल्या मेणबत्तीकडे वळू या. जळणे म्हणजे काय? त्या काळचे शास्त्रज्ञ सांगत, की जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टॉन नावाचे एक द्रव्य असते. पदार्थ जळतो तेव्हा ते बाहेर निघून जाते. लाकडाची राख हलकी असते, मेणबत्ती संपून जाते, त्यामुळे हे सर्वांना पटतही असे. पण एक अडचण होती. धातू हवेत खूप तापवला की त्याचे भस्म होते. वैद्य ज्याला भस्म म्हणतात आणि हकीम ज्याला कुश्ता म्हणतात, तशीच ही भुकटी. धातूतून काही निघून गेले असेल तर भस्म धातूपेक्षा हलके हवे. प्रत्यक्षात ते जड भरत असे! काही पंडितांनी तर फ्लॉजिस्टॉनचे वजन शून्यापेक्षाही कमी असावे, असे सांगून वेळ मारून नेली.

लॅव्हाझिएला हे पटेना. १७७२ साली त्याने गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले. त्यांचेही वजन वाढले. मग त्याने कथील घेतले, काचेच्या भांड्यात ठेवले, भांड्याचे तोंड पूर्ण बंद केले, सगळ्याचे वजन केले आणि नंतर ते तापवले. कथलाचे भस्म झाले. पुन्हा वजन केले, तर त्यात काहीच फरक नव्हता. भांड्याचे तोंड उघडताच मात्र बाहेरची हवा आत शिरली आणि वजन वाढले. यावरून तुम्ही काय अनुमान काढाल? थोडे थांबा आणि विचार करा. भांड्यातल्या हवेचा काही भाग कथलाने घेतला होता. म्हणून आतली हवा कमी झाली, आणि तेवढी जागा बाहेरच्या हवेने भरून काढली.

पण हवेचा कोणता भाग? याचा धागा त्याला १७७४ साली मिळाला. ऑक्टोबर महिन्यात जोसेफ प्रीस्टली हा इंग्रज शास्त्रज्ञ पॅरिसला आला होता. लॅव्हाझिएच्या घरी जेवताना त्याने सांगितले, की पाऱ्याचे लाल भस्म तापवल्यावर एक वेगळीच हवा निघते आणि तिच्यात मेणबत्ती फार तेजाने जळते. स्वीडनमधल्या शेले या औषधविक्रेत्यालाही हा वायू त्याआधीच सापडला होता. लॅव्हाझिएने पुढे या दोघांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले नाही. हा त्याचा दोषच म्हटला पाहिजे. परंतु त्या वायूचा खरा अर्थ उलगडला तो लॅव्हाझिएनेच.

त्याचा तो प्रसिद्ध प्रयोग असा होता. लांब, वाकड्या मानेच्या काचेच्या भांड्यात त्याने सुमारे सव्वाशे ग्रॅम पारा घेतला. भांड्याच्या मानेचे टोक एका काचेच्या हंडीखाली नेले. हंडीतली आणि भांड्यातली हवा मिळून सुमारे एक लिटर होती. पारा त्याने रात्रंदिवस बारा दिवस तापवत ठेवला. पाऱ्यावर लाल कण जमू लागले. बारा दिवसांनी पाहिले तर हवेचा सुमारे सहावा हिस्सा नाहीसा झाला होता. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझून जाई आणि प्राणी गुदमरत. मग त्याने ते लाल कण गोळा करून आणखी जास्त तापवले. त्यांचा पुन्हा पारा झाला, आणि जवळजवळ जितकी हवा नाहीशी झाली होती, तितकी परत मिळाली. ही हवा त्या उरलेल्या हवेत मिसळताच नेहमीची हवा तयार झाली. (पाऱ्याची वाफ विषारी असते. हा प्रयोग वाचायचा आहे, करायचा नाही.)

बघा, हिशोब कसा पुरा झाला! गेले तेवढे परत आले. हवा हे एकच मूलद्रव्य नसून ती वायूंचे मिश्रण आहे, हे कळले. जळणे म्हणजे काही बाहेर पडणे नव्हे, तर हवेतल्या एका वायूशी संयोग होणे, हेही कळले. मेणबत्तीचे मेण नाहीसे होत नाही. त्यातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या त्या वायूशी संयोग पावतात, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होऊन खोलीत पसरतात. हे सगळे पकडून तराजूत घालता आले, तर ते मेणापेक्षा जड भरेल. रासायनिक क्रियेत द्रव्य नवीन निर्माण होत नाही आणि नाशही पावत नाही. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम म्हणून दिलेला असतो.

त्या वायूला लॅव्हाझिएने ऑक्सिजन हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ आम्ल तयार करणारा. सर्व आम्लांत हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली. मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही, हे त्याच्या मृत्यूनंतर १८१० साली इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही याने दाखवले. चूक झाली, पण नाव तसेच राहिले. आपण मराठीत या वायूला प्राणवायू म्हणतो. माझ्या मते आपलेच नाव जास्त बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हेही लॅव्हाझिएनेच दाखवून दिले.

जळणाऱ्या कोळशाला प्राणवायू लागतो, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व उष्णता बाहेर पडते. जिवंत प्राणी श्वास घेतो, त्यालाही प्राणवायू लागतो. त्याच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, आणि त्याचे शरीर उबदार असते. ही दोन्ही कामे एकच तर नाहीत? ही शंका नुसती बोलून दाखवणारे पुष्कळ होते. लॅव्हाझिएने ती मोजून पाहायचे ठरवले. पण उष्णता तराजूत कशी घालणार?

यासाठी त्याने आणि लाप्लास या गणितज्ञाने १७८२-८३ च्या हिवाळ्यात एक गमतीदार यंत्र वापरले. एकात एक ठेवलेली तीन भांडी अशी कल्पना करा. सर्वांत आतल्या जाळीच्या पिंजऱ्यात एक गिनीपिग बसवला. त्याच्याभोवती बर्फ भरला. त्याच्याही बाहेर बर्फाचा आणखी एक थर दिला, म्हणजे बाहेरची उष्णता आत पोहोचू नये. आता आतला बर्फ वितळेल तो फक्त त्या प्राण्याच्या अंगातल्या उष्णतेने. वितळलेले पाणी खालच्या नळीतून बाहेर येई. ते गोळा करून त्याचे वजन करायचे, इतके सोपे! दहा तासांत सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला. मग गिनीपिग तेवढ्या वेळात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, ते मोजले. तितकाच वायू देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल, याचाही हिशोब केला. दोन्ही आकडे अगदी सारखे आले नाहीत, पण जवळजवळ आले. श्वसन हे एक प्रकारचे ज्वलनच आहे, हे त्या दोघांनी जाहीर केले. ज्योत नाही, धूर नाही, अतिशय सावकाश चालणारे ज्वलन. तुम्ही हे वाचत आहात, या क्षणीसुद्धा ते तुमच्या शरीरात चालू आहे. हे ज्वलन फुप्फुसांत होते असे लॅव्हाझिएला वाटे. ते शरीरातल्या प्रत्येक पेशीत होते, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी शोधले.

काही वर्षांनी, १७८९-९० च्या सुमारास, त्याने माणसावर प्रयोग केले. सेगँ नावाचा त्याचा तरुण सहकारी स्वतः त्यासाठी बसला. त्याच्या तोंडावर मुखवटा घट्ट बसवून त्याला नळीतून प्राणवायू दिला जाई. मारी टेबलाशी बसून आकडे लिही. या प्रयोगांची तिने चित्रे काढली, आणि त्यांत स्वतःलाही दाखवले. सेगँ स्वस्थ बसला असताना त्याला जितका प्राणवायू लागे, त्याच्या अडीच पटींहून अधिक तो पायाने वजन उचलताना लागला. जेवणानंतर आणि थंडीतही प्राणवायू जास्त लागे.

या आकड्यांनी लॅव्हाझिएला अस्वस्थ केले. कष्ट करणाऱ्या माणसाच्या शरीरात जास्त ज्वलन होते, म्हणजे त्याला अन्नही जास्त हवे. प्रत्यक्षात पोटभर जेवतो तो बसून राहणारा श्रीमंत, आणि उपाशी राहतो तो हमाल. निसर्गाच्या हिशोबात आणि समाजाच्या हिशोबात असा उलटा फरक का असावा, हा प्रश्न त्याने श्वसनावरच्या आपल्या शास्त्रीय निबंधातच विचारला. समाजाच्या व्यवस्थेत सुधारणा व्हायला हवी, असेही सुचवले. हे लिहिणारा माणूस स्वतः इजारदार होता, हे विसरू नका. १७८८ साली धान्याची टंचाई झाली, तेव्हा ब्लवा गावाला धान्य घेण्यासाठी त्याने आपले पैसे बिनव्याजी दिले होते, हेही विसरू नका.

या काळात त्याने आणखी पुष्कळ कामे केली. पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे, हे त्याने सिद्ध केले. तीन मित्रांच्या मदतीने रासायनिक पदार्थांची नवी नावे तयार केली. ऑक्साइड, सल्फेट ही तुम्ही पाठ करता ती नावे तिथूनच आली. १७८९ साली त्याचा रसायनशास्त्राचा ग्रंथ निघाला. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे, आणि गंमत म्हणजे त्यात प्रकाश आणि उष्णता यांचीही नावे आहेत!

त्याच १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. तिच्या आधी काही वर्षे इजारदारांच्या मंडळाने पॅरिसभोवती एक उंच भिंत बांधायला घेतली होती. माल चोरून शहरात जाऊ नये, आणि प्रत्येक गाडीची जकात वसूल व्हावी, हा तिचा हेतू. इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत आपण ज़कात म्हणतो ती गरिबांसाठी काढून ठेवायची रक्कम. मराठीत जकात म्हणजे शहराच्या नाक्यावर मालावर पूर्वी घेतला जाणारा कर. एकच शब्द, पण एक गरिबाला देतो आणि दुसरा त्याच्याकडूनही घेत असे. पॅरिसच्या लोकांना ती भिंत म्हणजे तुरुंग वाटे. आणि भिंतीची कल्पना लॅव्हाझिएची होती.

राज्यक्रांतीच्या पुढाऱ्यांमध्ये मारा नावाचा एक जहाल पत्रकार होता. त्याने पूर्वी अग्नीवर काही संशोधन केले होते, आणि लॅव्हाझिएने ते मान्य केले नव्हते. आता त्याने लॅव्हाझिएवर जोरदार लेख लिहिले. १७९१ साली इजारदारांचे मंडळ मोडण्यात आले. लॅव्हाझिए नव्या सरकारसाठी वजनमापांचे काम करत राहिला. ठरावीक आकारमानाच्या पाण्याचे अचूक वजन त्याने आणि आयुई या सहकाऱ्याने करून दिले. पुढे किलोग्रॅम ठरवताना याच कामाचा आधार झाला. परंतु ऑगस्ट १७९३ मध्ये विज्ञान अकादमीही बंद झाली. नोव्हेंबरमध्ये सर्व जुन्या इजारदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लॅव्हाझिए काही दिवस लपून राहिला. मग स्वतःहून सरकारच्या हवाली झाला.

८ मे १७९४ रोजी खटला झाला. तंबाखूत पाणी घालून लोकांना फसवले, जादा व्याज घेतले, असे आरोप होते. लॅव्हाझिएने स्वतः अशी फसवणूक केल्याचा पुरावा नव्हता. उलट तंबाखूतली भेसळ थांबवण्याचा त्याने प्रयत्न केला होता. पण त्या दिवशी प्रत्येकाचा गुन्हा वेगळा तोलायला कुणाला वेळ नव्हता. एकाच दिवसात अठ्ठावीस जणांना दोषी ठरवण्यात आले, आणि त्याच दिवशी सर्वांचा शिरच्छेद झाला. मारीचे वडील लॅव्हाझिएच्या आधी गेले. लगेच त्याची पाळी आली. तो पन्नास वर्षांचा होता. न्यायाधीशाच्या तोंडी त्या वेळचे एक वाक्य पुष्कळ पुस्तकांत घातलेले तुम्हाला दिसेल. त्याला पुरावा नाही, म्हणून मी ते इथे दिलेले नाही.

मारीने एका दिवसात पती आणि पिता दोघेही गमावले. घर, पुस्तके, उपकरणे सरकारने जप्त केली. तिलाही काही काळ तुरुंगात राहावे लागले. पुढे सरकार बदलले, लॅव्हाझिएला निर्दोष मानण्यात आले, आणि जप्त केलेल्या वस्तू तिला परत मिळाल्या. लॅव्हाझिएने तुरुंगात असतानाही आपले निबंध छापण्याची तयारी चालवली होती. तिने ते अपुरे राहिलेले खंड बांधून घेतले, आणि १८०५ साली शास्त्रज्ञांना भेट म्हणून वाटले. १८३६ साली ती वारली. तिने जपून ठेवलेली उपकरणे आता पॅरिसच्या एका संग्रहालयात आहेत, आणि त्यांत लॅव्हाझिएचे तराजूही आहेत.